वॉटर पार्कमधला उन्हाळी दिवस

थीम पार्क म्हणजे एका कल्पनेभोवती रचलेले करमणुकीचे उद्यान. जत्रेत आकाशपाळणा, मौत का कुआँ आणि भेळेची गाडी शेजारी शेजारी उभी असतात, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. थीम पार्कमध्ये रस्ते, इमारती, खेळ, उपाहारगृहे आणि कर्मचाऱ्यांचे गणवेशदेखील एकाच कथेला धरून असतात. कोपनहेगनचे तिवोली उद्यान १८४३ पासून चालू आहे आणि ते या प्रकाराच्या पूर्वजांत गणले जाते. आजचा साचा घातला तो कॅलिफोर्नियात १७ जुलै १९५५ रोजी उघडलेल्या डिस्नेलँडने. भारतात १९८४ साली दिल्लीत अप्पू घर सुरू झाले. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांचे बोधचिन्ह असलेल्या हत्तीच्या पिलाचे नाव त्याला दिले होते; ते २००८ मध्ये बंद झाले. १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड आले, १९९१ मध्ये कोलकात्यात निक्को पार्क, आणि २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका. यांतले इमॅजिका खऱ्या अर्थाने थीम पार्क म्हणता येईल. तिथल्या एका जलसफरीचा नायक असलेला राजासॉरस हा नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या जीवाश्मांवरून २००३ मध्ये नाव मिळालेला खराखुरा भारतीय डायनासोर आहे.

मध्य भारताच्या मैदानात मात्र ही कल्पना रुजली ती पाण्याच्या आधाराने. मे महिन्यात जिथे दुपारचा पारा ४२ ते ४४ अंशांवर असतो, तिथे रोलर कोस्टरच्या रांगेत तासभर उभे राहायला कोणी पैसे मोजत नाही. म्हणून नागपूर, जबलपूर, रायपूर अशा शहरांभोवती जे उभे राहिले ते मुख्यतः वॉटर पार्क. चार-दोन कोरडे पाळणे त्यांच्या कडेला.

त्यांतल्या रायपूरचा तात्यापारा हा शहराच्या जुन्या भागातला, जी. ई. रोडला लागून असलेला, मराठी घरांचा मोहल्ला. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकाच्या मध्यात छत्तीसगडात आली, बिंबाजी भोसले १७८७ पर्यंत रतनपूरहून कारभार पाहत होते, आणि १८१८ नंतर इंग्रजांनी मुख्यालय रतनपूरहून रायपूरला हलवले. या उलथापालथीत आणि पुढे नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांताच्या काळात नोकरी, वकिली, शिक्षकी यांच्या निमित्ताने मराठी घरे इथे वसली. तात्यापारा, बूढापारा, ब्राह्मणपारा या वस्त्यांत त्यांच्या पिढ्या गेल्या. घरात मराठी, दारात छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी असा त्यांचा संसार. उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूर-अमरावतीहून आत्या, मावशी, भाचरे येतात, आणि आठवडाभरात मुलांची एकच मागणी पुढे येते. शहराबाहेर एमएम फन सिटीसारखी वॉटर पार्क आहेत, शिवाय नवा रायपूरच्या बाजूला पुरखौती मुक्तांगण आणि जंगल सफारी. त्यांतले मुलांना काय हवे असते हे विचारावे लागत नाही.

वॉटर पार्कमधल्या दिवसाचे पहिले गणित घड्याळाचे. रायपूर सुमारे २१.२५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे २७ मेच्या आसपास भरमाध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायथ्याशीच लुप्त होते. शहराचे रेखांश भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाला फार जवळ असल्याने हा क्षण घड्याळातही जवळपास बरोबर १२ वाजता येतो; मुंबईत तो साडेबाराच्या पुढे सरकतो. नवतपा म्हणून ओळखले जाणारे नऊ दिवस याच सुमारास, २५ मेपासून धरले जातात. सूर्य डोक्यावर असला की भिंतीची किंवा कुंपणाची आडवी सावली मिळत नाही. वर छप्पर असेल तरच ऊन चुकते. अतिनील किरणांचा जोरही माध्यान्हीच सर्वाधिक असतो. हवेचे तापमान मात्र दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान टोकाला जाते, कारण तापलेली जमीन हवेला तापवीत राहते. कातडी करपते ती बाराच्या सुमारास आणि ऊन लागते ते तीनच्या सुमारास. म्हणून दार उघडताच आत शिरून पहिले दोन-अडीच तास मोठ्या स्लाइड्सवर घालवावेत, बारा ते चार छपराखाली किंवा सावलीतल्या पाण्यात काढावेत आणि चारनंतर पुन्हा बाहेर पडावे. बहुतेक कुटुंबे नेमके उलटे करतात: निघता निघता अकरा वाजतात, आणि उन्हाच्या ऐन भरात ती तिकिटाच्या खिडकीसमोर उभी असतात.

भर मे महिन्यात, ४३ अंशांच्या हवेत, पाण्यातून बाहेर आलेले मूल दात वाजवत कुडकुडते. आई त्याला टॉवेलमध्ये गुंडाळते, आजी म्हणते ताप आला की काय. ताप नसतो. पाण्याची वाफ होताना ते उष्णता शोषून घेते; एक लिटर पाणी कातडीवरून उडून गेले तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत जाते. हवा जितकी कोरडी, तितके पाणी झपाट्याने उडते. रायपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असली, तर ४३ अंशांच्या हवेतही ओल्या फडक्याने गुंडाळलेला तापमापक साधारण २५ अंशच दाखवतो. ओली कातडी याच आकड्याकडे घसरते. घरातला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर ज्या तत्त्वावर चालतो, त्याच तत्त्वावर ओले मूल काही मिनिटे स्वतःच गार होत असते. गोराईच्या खाडीकाठी, मुंबईच्या दमट हवेत हा परिणाम बराच कमी जाणवतो. तिथे ओले कपडे तासभर अंगावर ओलेच राहतात.

याचा दुसरा भाग क्वचितच लक्षात घेतला जातो. वॉटर पार्कमध्ये उन्हाचा सर्वाधिक त्रास पाण्यात खेळणाऱ्यांना होत नाही. तो होतो कोरड्या माणसाला: पिशव्या, चपला, मोबाइल आणि सर्वांची पाकिटे सांभाळत बाकावर बसलेल्या आजीला. तिला कॉस्च्यूम घालायचा नसतो, पाण्यात उतरायचे नसते, आणि घरच्यांना वाटते की ती सावलीत आहे म्हणजे बरी आहे. पण सावलीतही हवा ४३ अंशच असते. वय वाढते तशी घाम येण्याची आणि तहान लागल्याचे कळण्याची क्षमता कमी होते. रक्तदाबासाठीच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जास्त जाते. कातडीचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे त्याहून खूप तापलेल्या हवेत कोरड्या अंगावर पंख्याचा झोत घेतला तर पंखा उलट उष्णता आणून सोडतो. तोच झोत ओल्या अंगावर आला तर गारवा देतो. म्हणून आजीच्या मानेवर आणि डोक्यावर ओला पंचा, पाय घोटाभर पाण्यात आणि दर अर्ध्या तासाला पेलाभर पाणी, ताक किंवा पन्हे, एवढी सोय केल्याशिवाय तिला सामानावर बसवून जाणे बरे नव्हे. सामानासाठी लॉकर असतात. त्यांचे भाडे वाचवून माणूस तापवण्यात शहाणपण नाही.

पाण्यात खेळणाऱ्यांचा धोका वेगळा. अंग ओले असल्याने घाम गेल्याचे कळत नाही, तोंड ओले असल्याने तहान जाणवत नाही, आणि शरीरातले पाणी कमी होत राहते. दुपारनंतर मुलांचे डोके दुखू लागते, चिडचिड होते, पायांत गोळे येतात; घरचे त्याला थकवा समजतात. साधे पाणी, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत, कैरीचे पन्हे यांनी हे टळते. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावे. अर्ध्या बाटलीत दाट करून दिल्यास ते अपायकारक ठरू शकते. एखाद्याचे अंग तापलेले, बोलणे असंबद्ध आणि चाल अडखळती झाली, तर ती उष्माघाताची खूण असते. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असू शकते. त्याला ताबडतोब सावलीत आणून भरपूर पाणी ओतून वारा घालावा आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. खिशात कांदा ठेवल्याने लू लागत नाही ही समजूत छत्तीसगडात आणि विदर्भात सारखीच आहे. कांदा पोटात गेलेला बरा. सकाळी निघताना बोरे बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजलेला भात, कांदा आणि मिरचीबरोबर खाण्याची इथली रीत या दिवसाला समोसे-कचोरीपेक्षा कितीतरी अधिक मानवते. पाणी, मीठ आणि हलके अन्न एकाच वाडग्यात मिळते.

फाटकातून आत गेल्यावर पहिला वाद कपड्यांवरून होतो. सुती कपडे, साडी, सलवार-कमीज, जीन्स घालून पाण्यात उतरता येत नाही. नायलॉनचा किंवा तत्सम कृत्रिम धाग्याचा कॉस्च्यूम लागतो, आणि नसेल तर तो भाड्याने घ्यावा लागतो. भाड्याच्या पैशासाठी हा नियम काढला असावा, असे अनेकांना वाटते. पण त्यामागे कारण आहे. सुती कापड पाणी शोषून जड होते आणि पोहणाऱ्याच्या हालचालीला अडथळा आणते. त्याचे बारीक तंतू सुटून गाळणीत अडकतात, रंग उतरतो, आणि स्लाइडवर ते घसरण्याऐवजी चिकटते. मधेच अडकलेल्या माणसावर मागून येणारा आदळतो. ओढणी, पदर, दुपट्टा गळ्याभोवती किंवा ट्यूबमध्ये गुरफटण्याचा धोका याहून मोठा.

दुसरा गैरसमज क्लोरीनच्या वासाचा. तलावाला उग्र वास आला म्हणजे औषध भरपूर टाकले आहे आणि पाणी स्वच्छ आहे, असे लोक धरून चालतात. खरे तर नीट राखलेल्या पाण्याला फारसा वास नसतो. मोकळा क्लोरीन घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी संयोग पावला की क्लोरामाइन तयार होतात. तो उग्र वास आणि डोळ्यांची आग त्यांची असते. वास जितका उग्र, तितका क्लोरीन आधीच खर्ची पडलेला. मोकळ्या क्लोरीनचे प्रमाण साधारण १ ते ३ पीपीएम आणि पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ यांदरम्यान ठेवतात. कडक ऊन क्लोरीनचे विघटन करते, त्यामुळे मे महिन्यात हे प्रमाण टिकवणे कठीण जाते आणि दिवसातून अनेकदा तपासणी करावी लागते. पाणी पंपाने ओढून वाळूच्या गाळणीतून काढतात आणि पुन्हा सोडतात. पाहुण्याला करता येण्याजोगी चाचणी एकच आहे: खोल भागाचा तळ आणि तिथली जाळी स्वच्छ दिसते का, ते पाहणे. तळ दिसत नसेल तर उतरू नये, कारण मग बुडालेला माणूस जीवरक्षकालाही दिसणार नाही. आत उतरण्यापूर्वी शॉवरखाली उभे राहण्याचा नियम याच क्लोरीनसाठी आहे. अंगावरचा घाम आणि तेल तिथेच गेले तर तलावातला क्लोरीन जंतूंसाठी शिल्लक राहतो.

सर्वांत जास्त गर्दी असते ती वेव्ह पूलवर. रायपूरहून समुद्र पाहायचा तर पुरी किंवा विशाखापट्टणम गाठावे लागते, दोन्हीकडे पाचशे किलोमीटरहून अधिक. कृत्रिम लाटा ही कल्पना मात्र वॉटर पार्कपेक्षा जुनी आहे. बुडापेस्टच्या गेलेर्ट स्नानगृहात १९२७ मध्येच लाटांचा तलाव आला, आणि १९६९ मध्ये अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटातल्या टेम्पी गावी बिग सर्फ उघडले तेव्हा समुद्रापासून दूर, तापलेल्या मुलुखात लाटा विकण्याचा धंदा सुरू झाला. वेव्ह पूलच्या खोल टोकाला भिंतीमागे बंदिस्त कप्पे असतात. पंखे त्यांत जोराने हवा दाबतात, कप्प्यातले पाणी खाली ढकलले जाऊन भिंतीखालून तलावात येते. हवा सोडली की ते परत चढते. ही उघडझाप ठरावीक तालात केली की लाटा तयार होतात. तलावाचा तळ किनाऱ्यासारखा उतरता बांधलेला असतो. लाटेचा वेग खोलीवर अवलंबून असतो: १.८ मीटर खोलीवर ती सेकंदाला साधारण ४.२ मीटर जाते, अर्धा मीटर पाण्यात तिचा वेग २.२ मीटरवर येतो. पुढचा भाग मंदावतो, मागचा येऊन भिडतो, लाट उंच होते आणि फुटते. भोंगा वाजतो, काही मिनिटे लाटा चालतात, मग यंत्राला आणि माणसांना विसावा.

भोंगा वाजताच सगळे खोल टोकाकडे धावतात, हीच इथली धोक्याची वेळ. ट्यूबा एकमेकींना भिडून पाण्याचा पृष्ठभाग झाकला जातो, आणि त्याखाली सापडलेल्या मुलाला डोके वर काढायला जागा उरत नाही. बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे हात हलवून ओरडत नाही. श्वास घेण्याच्या धडपडीत आवाज काढणे शक्यच नसते. ते उभ्याच्या उभे, तोंड पाण्याच्या रेषेवर, काही सेकंदांत खाली जाते. लहान मुलाबरोबर एक मोठे माणूस हाताच्या अंतरावर असलेच पाहिजे, आणि त्या माणसाने त्या वेळी मोबाइलवर रील काढू नये. हवा भरलेले दंडपट्टे हे खेळणे आहे, जीवरक्षक साधन नव्हे.

स्लाइडचे शास्त्र सोपे आहे. पंप पाणी मनोऱ्याच्या माथ्यावर चढवतो, ते फायबरग्लासच्या नळीतून पातळ थरात वाहते आणि अंग व नळी यांच्यातले घर्षण कमी करते. १५ मीटर उंचीवरून अजिबात घर्षण न होता घसरले तर तळाशी वेग ताशी सुमारे ६२ किलोमीटर भरेल; पाणी, हवा आणि वळणे मिळून तो खूप कमी करतात. वजनदार माणूस साधारणपणे अधिक वेगाने येतो, म्हणून पुतण्यामागे लगेच काकांना सोडणे विशेष धोक्याचे. माथ्यावरचा कर्मचारी खालचा तलाव मोकळा झाल्याचा इशारा पाहून एकेकाला सोडतो. रांगेतून त्याला घाई करणारे लोक स्वतःच्याच पाठीवर संकट ओढवून घेत असतात. उंचीची पट्टी हाही चेष्टेचा विषय नाही. विशिष्ट उंचीखालच्या मुलाला ट्यूबची मूठ किंवा राइडचा दांडा नीट बसत नाही, म्हणून टाचा उंच करून मोजणाऱ्याला फसवण्यात काही हशील नाही. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५४७५ हे मानक अशा खेळण्यांच्या सुरक्षेसाठीच आहे.

रांग किती वेळ घेईल हे आधी काढता येते. एका खेपेत २४ जण बसतात आणि दर दोन मिनिटांनी खेप सुटते, तर तासाला ७२० माणसे जातात. पुढे ३६० माणसे असतील तर अर्धा तास. ट्यूबची स्लाइड एका वेळी दोघांनाच सोडते, म्हणून तिची छोटी दिसणारी रांगही लांबते. अनवाणी उभे राहणाऱ्यांसाठी पायाखालची काँक्रीटची जमीन हवेपेक्षा बरीच जास्त तापलेली असते. रबरी चपला मनोऱ्याच्या पायथ्यापर्यंत न्याव्यात. तिकिटात जीएसटी धरलेला असतो. २०१७ मध्ये या उद्यानांवर तो २८ टक्के होता, जानेवारी २०१८ मध्ये १८ वर आला. कुटुंबाचा खरा खर्च मात्र आतल्या खाण्यावर होतो, कारण बाहेरचे डबे बहुधा आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाचे अन्न आणि औषधे यांबाबत आधी फोनवर विचारून ठेवावे.

ज्यांना पाण्यात उतरायचे नाही, त्यांच्यासाठी नवा रायपूरची बाजू आहे. उपरवारा येथील पुरखौती मुक्तांगणाचे उद्घाटन २००६ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. सुमारे २०० एकरांच्या या परिसरात बस्तरची घरे, भोरमदेव मंदिराची आणि चित्रकोट धबधब्याची प्रतिकृती, लोककलावंतांची भित्तिचित्रे, आदिवासी जीवनाचे देखावे आहेत. थीम पार्क या शब्दाला रायपूर परिसरात न्याय देणारे ठिकाण हेच. फक्त ते जवळजवळ सगळे उघड्यावर आहे, म्हणून मे महिन्यात ते चारनंतरच पाहावे. १ नोव्हेंबर २०१६ रोजी खुल्या झालेल्या जंगल सफारीत हरणे, अस्वले, वाघ आणि सिंह यांची चार स्वतंत्र आवारे बंद गाडीतून पाहता येतात. भर दुपारी वाघ झुडपाखाली किंवा पाण्यात पडून राहतो, दिसला तर कान तेवढा दिसतो. पहिली फेरी पकडावी. सोमवारी सफारी बंद असते.

मेअखेरीस आणि जूनमध्ये छत्तीसगडात दुपारनंतर अचानक अंधड येते, धूळ उठते आणि ढग गडगडू लागतात. अशा वेळी तलाव, स्लाइडचे मनोरे आणि मोठी झाडे यांपासून लगेच दूर होऊन पक्क्या इमारतीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर निदान ३० मिनिटे बाहेर येऊ नये. तिकिटाचे पैसे परत मिळतात का, हे खिडकीवरच विचारून घ्यावे.